बोरफाट्यावर उतरवलेली माणसं

ती आली तेव्हा मी गाडीखाली होतो. कुंभेफळच्या स्टँडवर जीप लिंबाच्या सावलीला लावून स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरत होतो. आधी तिचे पाय दिसले. अनवाणी, धुळीनं पांढरे झालेले. ते पाय बराच वेळ तिथून हलले नाहीत.

"दादा, भाईर या की."

मी सरपटत बाहेर आलो. हात पुसत वर बघितलं आणि तिला लगेच ओळखलं. पंधरा दिवसांपूर्वी तिचं पोट एवढं पुढं आलेलं होतं. आता साडी सरळ खाली आली होती आणि हात रिकामे होते.

"मी इमला. धनशा काळेची बायको. पल्याडच्या सोमवारी तुमच्या गाडीत आम्ही दोघं बसलो हुतो. तुम्ही आमाला बोरफाट्याला उतरवलं."

मी म्हणालो, "माझ्या गाडीत दिवसाला शंभर माणसं बसतात. मला कुठं आठवणार?"

"टाकळवाडीच्या आबाला त्याच दुपारी मारलं. अडीच वाजता मारलं म्हणत्यात. पोलिसांनी धनशाला नेलंय. अडीच वाजता तर आम्ही बोरफाट्याला हुतो. तुम्ही तेवढं सांगा. दुसरं काय मागत न्हाई."

"नाही बाई, मला आठवत नाही."

"मी अडलेली हुते, दादा. तसली बाई रोज बसत नसंल गाडीत."

स्टँडवरची चार माणसं आमच्याकडं बघायला लागली होती. दोन दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, पानटपरीवाला आणि पोलीस चौकीवर ज्याची रोजची बैठक असायची असा एकजण. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी पारधी माणूस गाडीत घेतच नाही. चल, जा इथनं."

ती गेली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. जाताना एकदा जीपच्या मागच्या सीटकडं बघितलं, एवढंच. मी परत गाडीखाली शिरलो.

मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. नाव अंगद लोमटे. गावातल्या नानासाहेबांची ट्रॅक्स जीप चालवायचो. कुंभेफळ ते सारणगाव, तालुक्याच्या गावापर्यंत, बेचाळीस किलोमीटर. प्रवासी वाहतुकीचा परवाना कुठल्याच जीपला नव्हता. आमच्याकडं त्याला वडाप म्हणायचे. चौकीनं चालू दिलं तर गाडी चालायची, नाहीतर आठ-आठ दिवस चौकीच्या आवारात उभी राहायची.

टाकळवाडी कुंभेफळपासून तीन किलोमीटर. तिथं एका शेतवस्तीवर एकटा राहणारा म्हातारा भरदुपारी मारला गेला, घरातले दागिने गेले. आबा भला माणूस होता, सगळा मुलूख हळहळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस सरळ गायरानावरच्या पारध्यांच्या पालांवर गेले. तिघांना उचललं. दोघांना सोडलं, धनशाला ठेवलं. त्याच्या सदऱ्यावर रक्त सापडलं होतं. दागिने कुणाकडंच सापडले नाहीत, पण रक्त सापडल्यावर दागिन्यांचं कोण विचारतो?

इमला येऊन गेली त्या संध्याकाळी नानासाहेबांनी मला वाड्यावर बोलावलं. स्टँडवरची गोष्ट त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती.

"ती पारधीण काय म्हणत होती?"

"काही नाही नाना. गाडीत बसलो होतो म्हणत होती."

"बसले होते का?"

त्यांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं बघितलं.

"हे बघ अंगद. बसले असले तरी बसले नव्हते. आबा आपल्या पाहुण्यातला माणूस. तू उद्या पारध्याच्या बाजूनं बोललास तर गाडी त्याच दिवशी चौकीत जाईल आणि मी काय ती सोडवायला जाणार नाही. कळलं?"

"कळलं."

घरी आलो तर द्वारकाला, माझ्या बायकोलाही, कुठून तरी कळलं होतं. ती भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, खरंच उतरवलंत का तिला? अडलेल्या बाईला?"

"लोकांनी आरडाओरडा केला," मी म्हणालो. "पारधी आहेत, गाडीत नको म्हणाले. एकट्यानं मी काय करणार?"

"उन्हाचं?"

"सांगितलं ना, लोक ऐकेनात."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "असतात तसली माणसं," ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मीही तेच सांगत राहिलो. दोन-चार जणांना सांगितल्यावर ते मलाही खरं वाटायला लागलं होतं.

केस उभी राहायला वर्ष गेलं. धनशाला जामीन कोण देणार? त्याला वकीलही नव्हता, कोर्टानंच एक दिला. मुनीरोद्दीन काझी नावाचे म्हातारे वकील होते. काळा कोट कोपरावर विटलेला, एका कानानं कमी ऐकायचे. ते एके दिवशी सारणगावच्या स्टँडवर माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. मला वाटलं प्रवासी आहेत.

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही, अंगदराव. गाडी भरेपर्यंत बसतो." मग शांतपणे म्हणाले, "धनशा काळेच्या सदऱ्यावर रक्त आहे ना, ते त्याच्या बायकोचं आहे. तुम्ही त्यांना उतरवलं, तिथून दोन फर्लांगावर ओढा आहे. त्या पुलाखाली ती बाळंत झाली. त्यानं स्वतःच्या हातानं सोडवलं तिला. दुसरं कुणी नव्हतं. मूल राहिलं नाही."

मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो होतो.

"तपासणीत रक्ताचा गट ओ आला. आबांचा गट ओ. इमलाचाही ओ. सरकार पक्ष म्हणतो, बाळंतपण झालंच नाही, ही सगळी रचलेली गोष्ट. ती बाळ पुरल्याची जागा दाखवायला तयार होती. पोलीस तिला घेऊन गेले तोवर ओढ्याला पाणी येऊन वाळू वाहून गेली होती. आता दोन माणसं आहेत, त्यांचं कुणी खरं मानत नाही. आणि तिसरे तुम्ही."

"वकीलसाहेब, माझी गाडी जाईल."

"जाईल," ते म्हणाले. "मी समन्स काढून तुम्हाला आणू शकतो. पण ओढून आणलेला साक्षीदार 'आठवत नाही' म्हणाला की संपलं. तुम्ही आपल्या पायानं आलात तर उपयोग."

"लोकांनीच उतरवायला लावलं त्यांना."

"मग तेच सांगा. त्यात तुमचा काय दोष?"

गाडी भरली. ते उतरले आणि हळूहळू कोर्टाकडं चालत गेले. मी गेलो नाही. पहिली तारीख गेली, दुसरी गेली.

तारखेच्या दिवसांचं मला दुसऱ्याच गोष्टीमुळं कळायचं. तारखेच्या आदल्या दिवशी रस्त्यावर इमला दिसायची. मी सगळ्यांसमोर ते बोललो तेव्हापासून कुंभेफळची कुठलीच जीप तिला घेत नव्हती. एसटी दिवसातून एक, तीही संध्याकाळची, आली तर आली. म्हणून ती पहाटेच निघायची आणि चालत सारणगावला पोचायची. बेचाळीस किलोमीटर. मी भरलेली गाडी घेऊन तिच्या शेजारून जायचो. ती कडेला सरकायची, पदरानं तोंडावरची धूळ अडवायची, पण हात कधी करायची नाही. परत येताना ती थोडी पुढं गेलेली असायची. वर्षभरात मी तिला असं किती वेळा ओलांडलं असेल, सांगता येणार नाही.

श्रावणातली गोष्ट. गाडी निम्मी रिकामी होती. ती बोरफाट्याच्या अलीकडं चालत होती आणि पाय ओढत होती, टाचेला चिंधी बांधलेली. मी तिच्या पुढं जाऊन गाडी थांबवली. गाडीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी खाली उतरलो.

"बस गाडीत," मी म्हणालो. "सारणगावला सोडतो."

ती थांबली. माझ्याकडं सरळ बघितलं. तेव्हा लक्षात आलं, वर्षात ही बाई दहा वर्षांनी म्हातारी झाली.

"गाडीत नगं, दादा," ती म्हणाली. "कोर्टात या."

आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपची किल्ली नानासाहेबांच्या ओट्यावर ठेवली. ते आंघोळीला गेले होते, त्यामुळं बोलणं झालं नाही. द्वारकाला सांगितलं तेव्हा ती चिडली. "आता चौदा महिन्यांनी? घरात काय शिजवायचं मी?" मग मी धुतलेला सदरा शोधायला लागलो तेव्हा तिनंच तो काढून दिला. "लोकांनी उतरवायला लावलं हे नीट सांगा," ती म्हणाली. "नाहीतर सगळं तुमच्यावर यायचं."

सारणगावला कसा गेलो? दुसऱ्याच्या जीपला मागं लटकून. कोर्टाच्या व्हरांड्यात काझीवकील फाइल चाळत उभे होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढंच म्हणाले, "आलात. बरं झालं."

मी त्याआधी कधी कोर्टात पाऊल ठेवलं नव्हतं. आत आबांच्या घरचे लोक दोन बाकं भरून बसले होते. त्यांच्यातले तिघे माझ्या गाडीतून नेहमी जाणारे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोरच धनशा उभा होता. उंच माणूस, पण डावा पाय वाकडा टाकून उभा. चौकीत काय झालं ते त्या पायावरून कळत होतं. तो खाली फरशीकडं बघत होता. इमला दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

शपथ झाली. काझीवकिलांनी विचारलं, मी सांगत गेलो. न्यायाधीश एकेक वाक्य टायपिस्टला सांगत आणि मशीन खडखडत राही. सोमवार होता. कुंभेफळहून दीडला माझा नंबर होता, गाडी निघाली. आरोपी आणि त्याची बायको मागच्या सीटवर बसले. बोरफाट्याला अडीच वाजता पोचलो. टाकळवाडी तिथून पस्तीस किलोमीटर मागं राहिली.

"बाईची अवस्था काय होती?"

"बाई अडलेली होती. कळा देत होती. नवरा तिला सारणगावच्या सरकारी दवाखान्यात नेत होता."

टायपिस्टनं ते लिहिलं.

"मग दवाखाना सात किलोमीटरवर असताना बोरफाट्याला का उतरवलं त्यांना?"

इथं काय बोलायचं ते पाठ होतं. लोकांनी आरडाओरडा केला. काझीवकिलांनाही तेच उत्तर येणार हे माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि दाराकडं नजर गेली. इमला माझ्याकडं बघत होती. धनशानंही मान वर केली होती. त्या गाडीत ते दोघं होते. त्यांना माहीत होतं.

"मीच उतरवलं," मी म्हणालो.

"प्रवाशांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. प्रवाशांपैकी कुणी काही म्हणालं नाही. एक म्हातारी होती, ती मला म्हणत होती, गाडी पळव, आणि तिला म्हणत होती, लेकी, धीर धर. तिनं त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एक मास्तर स्वतः उठून मागं उभे राहिले होते, तिला आडवं होता यावं म्हणून."

काझीवकिलांचं पेन थांबलं. त्यांनी प्रश्न विचारला नाही, तरी मी बोलत राहिलो.

"बाईचं पाणी सुटलं होतं. गाडीला नवं सीटकव्हर होतं, आदल्याच आठवड्यात बसवलेलं. मी गाडी थांबवली आणि म्हणालो, उतरा. म्हातारी नको नको म्हणत होती. नवऱ्यानं माझे पाय धरले. मी त्याला सांगितलं, पारध्याचं बाळंतपण माझ्या गाडीत नको. दोघांना उतरवलं आणि निघून गेलो."

टायपिस्टचं मशीन थांबलं होतं. मग न्यायाधीशांनीच विचारलं, "दुसरी कुणी बाई असती तर उतरवलं असतं का?"

"नाही, साहेब."

"लिहा," ते टायपिस्टला म्हणाले.

सरकारी वकील उठले. हुशार माणूस. त्यांनी तारीख-वार काही विचारलं नाही.

"चौदा महिने तुम्ही कुठं होतात?"

"इथंच."

"एक माणूस तुरुंगात आहे, खुनाचा खटला चाललाय, तुम्हाला माहीत आहे तो निर्दोष आहे. आणि तुम्ही गप्प?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

माझी नजर आबांच्या लोकांच्या बाकांकडं गेली.

"आरोपीची बायको तुम्हाला भेटली होती ना? चार माणसांसमोर तुम्ही तिला काय सांगितलंत? मी पारधी माणूस गाडीत घेतच नाही, असं म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"असं तुम्ही आज म्हणताय." ते वळून न्यायाधीशांकडं बघत म्हणाले, "या गाडीला परवाना नाही. तिकीट नाही, नोंद नाही. त्या म्हातारीचं नाव साक्षीदाराला माहीत नाही. मास्तरांचंही नाही."

खरंच माहीत नव्हतं. ते दोघं कुंभेफळच्या बाजूचे नव्हते. पुढं काझीवकिलांनी आणि मी गावोगाव विचारलं. म्हातारी सापडली नाही. मास्तर बदली होऊन लांब कुठं गेले होते.

बाहेर पडताना इमला उठून उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल. ती फक्त वाट सोडून बाजूला झाली.

महिन्यानं निकाल लागला. जन्मठेप. चौदा महिने गप्प राहून ऐनवेळी उगवलेल्या साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही, असं निकालात होतं. मी पहिल्या दिवशी बोललो असतो तर रक्त कुणाचं, बाळ कुठं, सगळं ताजं असतानाच दिसलं असतं. काझीवकिलांनी मला असं कधी म्हटलं नाही. त्यांना म्हणायची गरज नव्हती.

आबांच्या लोकांनी माझ्या घरावर दोनदा दगड टाकले. तालुक्यात कुणी मला गाडी देईना. पण त्याहून अवघड घरातलं होतं. कोर्टात मी काय बोललो ते द्वारकाला त्याच संध्याकाळी कळलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट सरकवायची. नवव्या दिवशी कपडे वाळत घालताना म्हणाली, "म्हणजे गाडीतली माणसं चांगली होती."

मी बादलीतला पुढचा कपडा पिळून तिच्या हातात दिला.

आम्ही ते गाव सोडलं. मी दूधसंघाच्या टेम्पोवर लागलो, दुसऱ्या जिल्ह्यात. काझीवकिलांनी हायकोर्टात अपील केलं आणि ते चालू असतानाच वारले. पुढचं कुणा तरुण वकिलानं बघितलं. सहा वर्षांनी धनशा निर्दोष सुटला. मला पेपरातल्या चार ओळींतून कळलं.

त्यानंतर वर्ष झालं असेल. सकाळची वेळ, मी अंगणात दाढी करत होतो. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पायावरून ओळखलं.

"आत ये," मी म्हणालो. तो आत आला, पण खाटेवर बसला नाही, जमिनीवर बसला. द्वारकानं पाणी आणलं, मग चहा. त्यानं दोन्ही घेतलं.

"इमला कशी आहे?"

"गेली की. मी आत असतानाच. चौथ्या वर्षी. खोकला हुता." तो कपातला चहा हलवत म्हणाला, "तारखेला चालत यायची ना. मग जेलात भेटायला बी चालतच यायची."

द्वारका दारात उभी होती, ती आत निघून गेली.

धनशानं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली. आत घडी घातलेले कागद होते. कोर्टाच्या नकला, शिक्क्याच्या. घड्यांवर फाटलेल्या.

"काझीसायबांनी इमलाला दिले हुते. ह्यात तुमची साक्ष हाय म्हणं. मला वाचता येत न्हाई. पालावर बी कुणाला येत न्हाई. इमला म्हणायची, त्यात आपल्या लेकराचं लिवलंय. वाचून दावा."

मी हात पुसले. पान शोधलं. माझंच बोलणं, टायपाच्या अक्षरात. मी वाचायला लागलो. सोमवार होता. गाडी दीडला निघाली. तो डोळे मिटून ऐकत होता.

"बाई अडलेली होती. कळा देत होती."

"थांबा," तो म्हणाला. "परत."

मी परत वाचलं.

"पुढं?"

पुढचं मी वाचलं. मी त्याला काय म्हणालो होतो तेही वाचलं. शेवटपर्यंत वाचून झालं तसा त्यानं विचारलं, "लेकराचं कुठं हाय?"

"एवढंच आहे. अडलेली होती."

"पोरगी हुती, असं न्हाई का?"

"नाही." मलाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं.

"पोरगी हुती. दिवस मावळंपतुर हुती." तो सहज सांगावं तसं सांगत होता. "डोळं उघडलं हुतं तिनं. इमलानं पदरात घेतलं हुतं. दवाखान्याकडं नेत हुतो तिला, चालत. वाटंतच गेली. माघारी येऊन वड्याच्या वाळूत पुरली." मग म्हणाला, "सरकारच्या कागदात ती कुठंच न्हाई. जन्मली म्हणून न्हाई, मेली म्हणून न्हाई. आता लिवता येतंय का ह्याच्यात?"

कोर्टाच्या नकलेवर काही लिहून उपयोग नसतो, हे मला माहीत होतं. त्याला ते सांगायला हवं होतं. मी खिशातलं पेन काढलं आणि 'बाई अडलेली होती' या ओळीशेजारी, मोकळ्या जागेत, सावकाश लिहिलं: मुलगी झाली. संध्याकाळपर्यंत जिवंत होती.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला.

"ह्यातली ती कुठली?"

मी 'मुलगी' या अक्षरांवर बोट ठेवलं. माझं बोट मी काढल्यावर त्यानं तिथं स्वतःचं बोट ठेवलं, आणि चहा निवला तरी ते तसंच ठेवून बसून राहिला.